बाजार कोणाचा, बचत कोणाची?

मागच्या महिन्यात बचत गटांचे हिशेब तपासून झाल्यावर आम्ही चहाला बसलो होतो. एका गटाच्या अध्यक्ष बाईंनी पिशवीतून घडी घातलेला रंगीत कागद काढून माझ्यापुढे ठेवला. म्हणाल्या, "ताई, एक मुलगा येऊन गेला. म्हणतो, बँकेत पैसे कुजवत का ठेवता, म्युच्युअल फंडात टाका. गटाचे टाकू का?"

मला लगेच उत्तर देता आले नाही. काही वर्षांपूर्वी मी 'नको' म्हणून मोकळी झाले असते. शेअर बाजार म्हणजे सट्टा, तो पैसेवाल्या पुरुषांचा उद्योग, अशीच आमच्यातल्या अनेकींची धारणा होती. १९९२ चे हर्षद मेहता प्रकरण आम्ही पाहिले होते. २००१ साली युनिट ट्रस्टच्या यूएस-६४ योजनेची खरेदी-विक्री सहा महिने बंद झाली, तेव्हा सुरक्षित म्हणून त्यात निवृत्तीचे पैसे ठेवणाऱ्यांचे चेहरेही आठवतात. पण आज हा आपला विषय नाही असे म्हणण्याची सोय उरलेली नाही. राष्ट्रीय शेअर बाजाराच्या अलीकडच्या आकडेवारीनुसार वैयक्तिक गुंतवणूकदारांत चौघांमागे जवळपास एक स्त्री आहे. ज्यांनी आयुष्यात एकही शेअर घेतलेला नाही त्यांचाही पैसा तिथे पोचला आहे, कारण भविष्य निर्वाह निधीतला काही हिस्सा २०१५ पासून शेअर बाजारात गुंतवला जातो. तेव्हा हा बाजार चालतो कसा, हे आपण समजून घेतलेच पाहिजे.

मला यात सर्वांत महत्त्वाची वाटते ती गोष्ट अशी, की बाजार मुंबईत भरतो, पण त्याची दोरी बरेचदा दुसऱ्याच देशात कोणाच्या तरी हातात असते.

५ ऑगस्ट २०२४ चा सोमवार घ्या. त्या दिवशी सेन्सेक्स २,२२२ अंकांनी पडला. आपल्याकडे ना संप होता, ना दुष्काळ. घडले होते ते जपानमध्ये. तिथले व्याजदर वर्षानुवर्षे शून्याच्या आसपास होते. त्यामुळे बडे गुंतवणूकदार तिथे स्वस्तात कर्ज काढायचे आणि जगभरच्या बाजारांत शेअर व रोखे घ्यायचे. ३१ जुलैला जपानच्या मध्यवर्ती बँकेने व्याजदर पाव टक्क्यावर नेला. येन महाग झाला. त्याच सुमारास अमेरिकेतल्या रोजगाराचे आकडे निराशाजनक आले. कर्ज फेडण्यासाठी सगळीकडे शेअर विकले जाऊ लागले. टोकियोचा निर्देशांक एका दिवसात १२ टक्क्यांहून अधिक कोसळला आणि त्याचा धक्का मुंबईपर्यंत आला.

या जपानी कथेत बायकाही आहेत. तिथे घरखर्चाची थैली परंपरेने बाईच्या हाती असते. बँकेत व्याज मिळेना, म्हणून अनेक गृहिणींनी घरातली शिल्लक परकीय चलनांच्या व्यवहारात घातली. अर्थजगताने त्या सगळ्यांना मिळून 'मिसेस वातानाबे' असे काहीसे थट्टेचे नाव दिले. २००८ च्या आर्थिक संकटात येन एकदम वधारला आणि अशा अनेक छोट्या गुंतवणूकदारांचे हात पोळले. मला त्या बायकांना हसावेसे वाटत नाही. व्याजदर त्यांनी ठरवले नव्हते. घर सांभाळता सांभाळता त्या मार्ग शोधत होत्या. आपल्या अध्यक्ष बाईही तेच करत आहेत.

आपल्याकडेही ठेवी सोडून बाजाराकडे जाण्याचे कारण हेच आहे. २०२०-२१ मध्ये मोठ्या बँकांत वर्षाच्या ठेवीवर पाच टक्क्यांच्या आसपास व्याज होते आणि महागाई सहा टक्क्यांवर. म्हणजे ठेवलेला पैसा दर महिन्याला झिजत होता. मग 'बायका आता धीट झाल्या, गुंतवणूक करू लागल्या' या कौतुकात काही खरे असले, तरी त्यातल्या कितीजणी स्वखुशीने गेल्या आणि कितीजणी ढकलल्या गेल्या, हेही विचारायला हवे.

त्याच काळातली आणखी एक गोष्ट मी विसरू शकत नाही. २३ मार्च २०२० रोजी सेन्सेक्स ३,९३४ अंकांनी कोसळून २६ हजारांच्या खाली आला. त्या महिन्यात परकीय गुंतवणूकदारांनी सुमारे ६२ हजार कोटी रुपये शेअर बाजारातून काढून घेतले. पुढे टाळेबंदीत घरकामाची कामे सुटली, शिवणकामाची मशीने बंद पडली, देशाचे उत्पन्न एप्रिल ते जून या तिमाहीत आदल्या वर्षीपेक्षा जवळजवळ पाव हिश्शाने आकसले. आणि सेन्सेक्स? तो जानेवारी २०२१ मध्ये ५० हजारांना शिवला. अमेरिकेने व्याजदर शून्याजवळ आणला होता, जगभर पैसा स्वस्त झाला होता आणि तो चार पैसे जास्त मिळतील तिथे धावत होता. २०२०-२१ या वर्षात सुमारे पावणेतीन लाख कोटी रुपये परदेशातून आपल्या शेअरांत आले. आमच्या केंद्रात रेशनच्या पिशव्या भरल्या जात होत्या, तेव्हा वर्तमानपत्रात तेजीचे मथळे होते. बाजार वर गेला म्हणजे आपले बरे चालले आहे, हा समज मी तेव्हापासून मनातून काढून टाकला.

पुढे अमेरिकेने व्याज वाढवले. मार्च २०२२ ते जुलै २०२३ या काळात ते शून्याजवळून सव्वापाच-साडेपाच टक्क्यांवर गेले. घरबसल्या एवढे मिळत असेल तर इतक्या दूर जोखीम कोण घेईल? पैसा परत फिरतो, तो असा. ऑक्टोबर २०२४ मध्ये चीनने आपल्या अर्थव्यवस्थेला उभारी देण्याची पावले उचलल्यावर परकीयांनी आपल्याकडचे सुमारे ९४ हजार कोटींचे शेअर विकले. घेतले कोणी? बहुतांशी देशी संस्थांनी. त्याच महिन्यात एसआयपीतून लोकांचे २५ हजार कोटींहून अधिक रुपये जमा झाले होते. छोट्या बचतदारांनी बाजार सावरला, असे अभिमानाने सांगितले गेले. ते खोटे नाही. पण मोठ्यांना चांगल्या भावात बाहेर पडण्यासाठी दारही त्याच पैशाने उघडून दिले, हेही तितकेच खरे.

यापलीकडचा धोका म्हणजे फ्युचर्स-ऑप्शन्स. 'सेबी'च्या २०२४ च्या अभ्यासानुसार तीन वर्षांत या व्यवहारांत उतरलेल्या दर १०० व्यक्तींपैकी ९३ जणांनी पैसे गमावले. एकूण तोटा १.८ लाख कोटींच्या वर. नफा मुख्यतः संगणकांवर व्यवहार करणाऱ्या बड्या देशी-परदेशी संस्थांचा. कर्ज काढून, मंगळसूत्र गहाण टाकून या वाटेला गेलेल्या घरांतली भांडणे शेवटी आपल्याच केंद्राच्या दाराशी येतात.

अध्यक्ष बाईंना मी नंतर सविस्तर सांगितले, ते इथे मांडते. गटाचा पैसा बाजारात नको. तो कोणाच्या बाळंतपणाला, कोणाच्या फीला कधीही लागतो, आणि नेमका तेव्हा टोकियोत किंवा न्यूयॉर्कमध्ये काही बिनसलेले असू शकते. स्वतःची वेगळी शिल्लक असेल, पाच-सात वर्षे लागणार नसेल आणि अडीअडचणीची तरतूद बाजूला काढलेली असेल, तर थोडे थोडे घालायला हरकत नाही. पण खाते आपल्या नावावर आणि ओटीपीही आपल्याच फोनवर. नाव बाईचे आणि व्यवहार नवऱ्याचा, हे तर आपण शेतजमिनीपासून पाहत आलो आहोत. बाजारात खात्रीने अमुक टक्के मिळतील असे सांगणाऱ्याला तर चहासुद्धा विचारू नका.

मात्र एकेकीने शहाणे होऊन हा प्रश्न सुटणार नाही. जन्मभर धुणीभांडी केलेल्या बाईचे म्हातारपण जपानच्या व्याजदरावर का टांगलेले असावे? मार्च २०२३ मध्ये राज्यातले सरकारी कर्मचारी, शिक्षक, परिचारिका जुन्या पेन्शनसाठी संपावर गेले, तेव्हा त्यांची मागणी मुळात हीच होती, की म्हातारपण बाजाराच्या हवाली करू नका. असंघटित बाईकडे तर नाकारायलाही पेन्शन नाही. अल्पबचतीवर महागाईला पुरून उरेल असे व्याज आणि प्रत्येक कष्टकरी स्त्रीला हक्काचे निवृत्तिवेतन, या मागण्या आपण सोडता कामा नयेत. हातात हे असेल, तरच बाजारात जायचे की नाही हे ती खऱ्या अर्थाने स्वतः ठरवू शकेल.

तुमच्या गटांतही असे रंगीत कागद येत असतील. पुढच्या बैठकीत ते मोठ्याने वाचा, त्यावर चर्चा करा आणि काय ठरले ते आम्हाला कळवा. पुढच्या अंकात आपण ते सगळ्यांपुढे ठेवू.