ट्रकची तापलेली बॅटरी आणि मुलांच्या रक्तातले शिसे

डिसेंबरच्या पहाटे ट्रकचा सेल्फ लागत नाही, तेव्हा चालक थंडीला दोष देतो. खरे तर बॅटरी मे महिन्यातच खचलेली असते. थंडी ते फक्त उघड करते.

या बॅटरीत शिशाच्या पट्ट्या सौम्य सल्फ्युरिक आम्लात बुडवलेल्या असतात. तापमान वाढले की आतल्या रासायनिक क्रियांचा वेग वाढतो. आम्लातले पाणी उडते आणि धन पट्टीची जाळी गंजत जाते. ढोबळ नियम असा, की २५ अंश सेल्सिअसच्या वर सतत १० अंश जास्त तापमान राहिले, तर बॅटरीचे आयुष्य जवळपास निम्मे होते. चालू इंजिनातले पाणी ९० अंशांच्या आसपास असते. गाडी उभी राहिली की वारा बंद होतो, पण इंजिनाची धग लगेच जात नाही. त्यामुळे बॉनेटखालची हवा काही वेळ आणखी तापते. विदर्भात बाहेरच ४५ अंश असतील, तर तिथल्या बॅटरीची अवस्था वेगळी सांगायला नको.

मोठ्या ट्रकमध्ये बॅटरी बहुधा इंजिनापासून दूर, चेसिसच्या बाजूला पेटीत असते. ही जागा योग्य आहे. तिथे चिखल आणि हादरे लागतात, केबलही लांब व जाड लागते. पण पेटी घट्ट बसवून, झाकण लावून हे सांभाळता येते. अडचण छोट्या मालवाहू गाड्यांची आहे. जागा वाचवण्यासाठी त्यांतल्या अनेकांत बॅटरी इंजिनाला खेटून असते. काही गाड्यांत ती सायलेन्सरच्या झळीत येते.

आरोग्याच्या सदरात हा विषय येण्याचे कारण शिसे. बॅटरीच्या वजनात निम्म्याहून अधिक वाटा शिशाचा असतो. परवानाधारक कारखान्यात ते जवळजवळ सगळे परत मिळते. विनापरवाना भट्टीत मात्र बॅटरी फोडतात, आम्ल जमिनीवर ओततात आणि पट्ट्या उघड्यावर वितळवतात. धूर आणि धूळ अंगणात, भांड्यांवर, कामगाराच्या कपड्यांवरून घरात पोहोचते. मोठ्यांपेक्षा लहान मुलांचे शरीर चार ते पाच पट अधिक शिसे शोषून घेऊ शकते. रक्तक्षय, पोटदुखी, बद्धकोष्ठता ही लक्षणे उशिरा दिसतात. बुद्धीची हानी त्याआधीच झालेली असते आणि ती भरून येत नाही. शिशाची सुरक्षित अशी कोणतीही पातळी ज्ञात नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. युनिसेफ आणि प्युअर अर्थ यांच्या २०२० च्या अहवालानुसार जगातल्या दर तीन मुलांपैकी एकाच्या रक्तात शिसे डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून अधिक आहे. जुन्या बॅटऱ्यांची चुकीची हाताळणी हे त्याचे एक मोठे कारण आहे.

म्हणजे चार वर्षे टिकणारी बॅटरी उष्णतेने दोन वर्षांत मेली, तर तेवढ्याच काळात दुप्पट शिसे भंगारात जाते. बॅटरीची जागा ही केवळ गॅरेजची बाब राहत नाही, ती इथे.

उत्पादकांनी छोट्या गाड्यांतही बॅटरी इंजिनापासून दूर न्यावी. ते शक्य नसेल तिथे उष्णतारोधक आवरण द्यावे. गाडीमालकाने उन्हाळ्याआधी चार्जिंगचे व्होल्टेज तपासून घ्यावे, कारण जास्त चार्जिंगनेही पाणी उडते. झाकणे उघडणाऱ्या बॅटरीत डिस्टिल्ड वॉटरची पातळी दर महिन्याला बघावी, गाडी सावलीत उभी करावी. मेलेली बॅटरी भंगारवाल्याला न देता विक्रेत्याला परत करावी. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी जुन्या बॅटऱ्या गोळा करून त्यांचा पुनर्वापर करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. तिची अंमलबजावणी कागदावर मोजून भागणार नाही. भट्ट्यांच्या आसपासच्या वस्त्यांतल्या मुलांचे रक्त तपासले, तरच ती खरी कळेल.