क्लासिक कोणाला म्हणायचं?

खरं सांगायचं तर मी त्या कार शोला गाड्या बघायला गेलेच नव्हते. होस्टेलवरच्या माझ्या दोन मैत्रिणींना रविवारच्या मेसपासून पळायचं होतं आणि मला आजोबांना घराबाहेर काढायचं होतं. (माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर मराठी विभागाच्या संपादकांनी सांभाळून घ्यावं, ही विनंती आधीच करून ठेवते!)

एप्रिलचा शेवटचा रविवार, चिंचवडचं उघडं मैदान, पारा चाळिशीला टेकलेला. मांडवाखाली गाड्या आणि उन्हात माणसं! मालक लोक मऊ फडक्याने बॉनेट पुसत होते, आम्ही ओढणीने तोंड. शेवरोले, ब्यूक, मॉरिस मायनर, फोक्सवॅगन बीटल, एक विलीज जीप. नागपूरच्या मैत्रिणीला सगळ्यात जास्त आवडली ती 'डुक्कर फियाट'. हे नाव मी बनवलेलं नाही. १९५४ पासून प्रीमियर कंपनीने आपल्याकडे आणलेल्या फियाट ११०० ला लोकांनीच ते ठेवलं. समोरून बघा, लगेच पटेल.

दुपारी बारानंतर गाड्यांची फेरी निघाली आणि एक पांढरी प्रीमियर पद्मिनी गेटजवळच बंद पडली. मालक काका सेल्फ मारून मारून घामाघूम झाले. भोवती गर्दी, आणि गर्दीत आम्ही तीन भावी इंजिनिअर, दोघी मेकॅनिकलच्या! एकीने 'बॅटरी डाउन' म्हटलं. मी चक्क 'सेन्सर गेला असेल' असं बोलले. पद्मिनीत सेन्सर! त्यांच्या चेहऱ्याकडे बघून मला आजही लाज वाटते.

तेवढ्यात आजोबा पुढे झाले. बॉनेटखाली वाकले, एका पाइपला बोट लावून झटकन मागे घेतलं आणि म्हणाले, "गाडी बिघडली न्हाई, तापलीय. पोरी, तुझी पाण्याची बाटली आण." स्वतःचा रुमाल भिजवून त्यांनी पेट्रोल पंपावर गुंडाळला. "धा मिनिटं हात लावू नका." दहा मिनिटांनी गाडी सुरू झाली.

याला व्हेपर लॉक म्हणतात. जुन्या कार्बोरेटरच्या गाड्यांत पेट्रोल पंप इंजिनाला चिकटून बसवलेला असतो. कडक उन्हात सावकाश फेरी मारली की पंप आणि पाइप इतके तापतात की आतल्या पेट्रोलची वाफ होते, आणि पंपाला वाफ ओढता येत नाही. आजच्या गाड्यांत पंप टाकीतच बुडालेला असतो आणि पेट्रोल जास्त दाबाखाली येतं, म्हणून हा त्रास सहसा होत नाही. आता आली ना गंमत लक्षात? व्हेपर प्रेशर मी परीक्षेत लिहून मार्क मिळवलेत. पण ते बोटाला कसं लागतं, हे आजोबांना माहीत होतं.

आजोबा कराडजवळच्या गावाहून आले आणि आकुर्डीला बजाज ऑटोमध्ये स्कूटरच्या इंजिन असेंब्लीवर निवृत्तीपर्यंत राहिले. तर शो बघून निघताना त्यांनी सहज विचारलं, "आपली चेतक कुठं दिसली न्हाई गं?"

दिसली होती. मैदानाबाहेर उसाच्या रसाच्या गाड्याशेजारी एक उभी होती, सीटवर गोणपाट टाकलेलं. तिचा फोटो कोणीच काढत नव्हतं.

माझं भांडण इथेच आहे. हे शहर ज्या गाड्यांवर उभं राहिलं, त्यातली एकही त्या मांडवात नव्हती. चेतक १९७२ साली इथे आकुर्डीतच आली. त्याआधी इटलीच्या पियाजिओच्या परवान्यावर व्हेस्पा बनायची. एकेकाळी चेतकसाठी नंबर लावून लोक वर्षानुवर्षं थांबत, आणि लग्न ठरवताना तिचा विषय निघे असं आजी सांगते. बजाज टेम्पोची तीनचाकी आणि मॅटाडोर आकुर्डीची. टेल्कोची सिएरा, सुमो, आणि १९९८ ची इंडिका पिंपरीची. सकाळी फर्स्ट शिफ्टच्या बसला थांबणाऱ्यांनी या गाड्या बनवल्या. ब्यूक सुंदर आहे, मान्य. पण ती कोण्या संस्थानिकाने विकत घेतली होती. चेतक आपण बनवली. मग क्लासिक कोणाला म्हणायचं?

शो भरवणाऱ्यांना मी नावं ठेवत नाही. त्या लोकांनी स्वतःच्या खिशातून पैसे घालून गाड्या वाचवल्या, नाहीतर त्याही केव्हाच भंगारात गेल्या असत्या. आणि चेतकचंही उगाच कौतुक नको. टू-स्ट्रोक इंजिन, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचं, मागे निळा धूर. थंडीत आधी डावीउजवीकडे कलंडवायची आणि मग किक मारत बसायचं. रोज रस्त्यावर तिने फिरावं असं मी म्हणणार नाही.

पण नियमांची मजा बघा. केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे गाडी ५० वर्षांची झाली आणि मूळ रचना शाबूत असली की तिला 'विंटेज' म्हणून वेगळी नोंदणी मिळते, दुचाकीलासुद्धा. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये. म्हणजे १९७२ च्या अगदी पहिल्या चेतकसुद्धा २०२२ मध्ये कुठे पात्र झाल्या. आमच्या घरची १९८३ ची. तिला २०३३ पर्यंत जगावं लागेल! तोपर्यंत पुनर्नोंदणी, पर्यावरण कर, आणि आमच्या सोसायटीचं पार्किंग. बाबा म्हणतात देऊन टाकू. भंगारवाला जो भाव सांगून गेला, त्यात जेमतेम एका महिन्याची मेस निघेल. आजोबा यावर काहीच बोलत नाहीत. फक्त संध्याकाळी खाली जाऊन तिच्यावरची धूळ पुसून येतात.

आकुर्डीच्या त्या कारखान्यात २००७ मध्ये गाड्या बनणं थांबलं. २०२२ पासून त्याच आवारात इलेक्ट्रिक चेतक बनते. नाव राहिलं, याचा आजोबांना आनंद आहे. "किक न्हाई तिला?" एवढंच त्यांनी विचारलं होतं.

आपल्या वर्कशॉपमध्ये इंजिनाचं एक कट-सेक्शन मॉडेल आहे. लाल-निळा रंग दिलेलं, काचेत. गेल्या तीन वर्षांत मी त्याला एकदाही हात लावलेला नाही, कारण लावू देत नाहीत. कॅटियावर मी पिस्टन डोळे मिटून काढेन. पण प्लग काढून त्याच्या रंगावरून इंजिनाची तब्येत ओळखणं मला जमत नाही. इलेक्ट्रिकच्या जमान्यात हे कशाला, असं काही मित्र विचारतात. इलेक्ट्रिक गाडीलाही उष्णता, कंपन, सैल झालेला बोल्ट चुकलेला नाही. हात लावून निदान करायची सवय एकदा लागली की ती मोटरवरही चालते, असं मला वाटतं.

म्हणून विभागप्रमुख सरांना अर्ज दिला आहे: आमची चेतक कॉलेजने वर्कशॉपमध्ये ठेवून घ्यावी, पैसे नकोत, फक्त ती काचेत ठेवू नये. सरांनी 'बघू' म्हटलंय. बाबांनी मला जूनपर्यंत मुदत दिली आहे. तोपर्यंत दर शनिवारी दुपारी आमच्या पार्किंगमध्ये इंजिन उघडायचं ठरलंय. आजोबा शिकवायला तयार आहेत. होस्टेलवर कोणाकडे प्लग पाना आणि फीलर गेज असेल तर घेऊन या. जुने कपडे घाला. आणि आजोबांसमोर 'सेन्सर' हा शब्द काढू नका, ते अजून हसतात.