जीए पेशीत शिरते कसे?

गोडाबहार छाटणी उरकली, घड पोपटी रंगावर आले, की निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत जीएची, म्हणजे जिबरेलिक आम्लाची, पहिली फवारणी निघते. पुढे मणी ३-४ मिलिमीटरचे झाले की डिपिंग. किती पीपीएम घ्यायचे, याची चर्चा औषधाच्या दुकानापासून व्हॉट्सअॅपच्या गटांपर्यंत रंगते. औषध पेशीत शिरते कसे, यावर मात्र फारसे कोणी बोलत नाही. बोलायला हवे.

थॉमसन जातीच्या द्राक्षाच्या मण्यात बी कोवळेपणीच जिरते. मणी फुगवणारे जिबरेलिन मुख्यतः बियांतून मिळते; बीच नसेल तर मणी बारीक राहतो. म्हणून ते जीएच्या रूपात बाहेरून द्यायचे.

सगळी संप्रेरके पेशीत सारखी शिरत नाहीत. माणसाच्या बीजकोशाला चालना देणारे एफएसएच हे संप्रेरक म्हणजे मोठे प्रथिन. ते पेशीच्या पडद्यावरच्या ग्राहीला (रिसेप्टरला) चिकटते, मग पडदा आत वळून दोघांनाही पोटात घेतो. जिबरेलिनची तऱ्हा वेगळी. रेणू लहान आणि ग्राही पेशीच्या आत. जपानी संशोधकांनी २००५ मध्ये भातात ती ओळखली: जीआयडी-१. जिबरेलिन तिच्या खोबणीत बसले की ती डेला नावाच्या प्रथिनांना धरते आणि पेशी त्यांचा चुरा करते. डेला म्हणजे वाढीला घातलेला लगाम. तो सुटला की मणी फुगतो.

आत शिरण्याचे गमक पाण्याच्या सामूत (पीएच) आहे. पाणी जितके आम्लधर्मी, तितके जीएचे भाररहित रेणू जास्त, आणि पडदा सहज ओलांडतात ते हेच. विहिरीच्या अल्कधर्मी पाण्यात ते घटतात, शिवाय जीए टिकतही नाही.

हेच जिबरेलिन चुकीच्या वेळी वाढले की घडाची बाळी होते. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००२ मध्ये पिनो म्युनिए जातीपासून मिळालेली ठेंगणी वेल तपासली. डेलाच्या जनुकातल्या बदलामुळे ती जिबरेलिनला दाद देत नव्हती. तिला बाळ्यांच्या जागी घड लागत होते! आपल्याकडे खरड छाटणीनंतर लिहोसीन मारतात ते बाळीऐवजी घड लागावा यासाठीच. त्यातले क्लोरमेक्वाट वेलीचे स्वतःचे जिबरेलिन रोखते. २०१० मध्ये त्याच्याच अंशामुळे युरोपात भारतीय द्राक्षे अडली आणि नाशिकच्या उत्पादकांना जबर फटका बसला.

जीएचे पेशीत शिरणे सामूवर ठरते, म्हणून सल्लागारांनी चिठ्ठीवर पीपीएमशेजारी पाण्याचा सामू लिहायला हवा, आणि तो टाकीत मोजूनच जीए मिसळायला हवे. नुसते पीपीएम वाढवून उपयोग नाही, कारण पेशीतल्या ग्राही मोजक्या असतात. त्या भरल्यावर मात्रा वाढवून फुगवण वाढत नाही. उलट देठ जाड आणि कडक होतात, आणि काढणीनंतर मणी गळतात.