महासभा भरली, पण घागर कितव्या क्रमांकावर?

सोलापूर महापालिकेचे सभागृह पुन्हा उघडले आहे. 2022 च्या मार्चात जुन्या सभासदांची मुदत संपली व दाराला कुलूप लागले. ते कुलूप जानेवारी 2026 मध्ये निवडणूक झाली तेव्हा निघाले. जवळजवळ चार वर्षे! आता हारतुरे झाले, गुलाल झाला, चौकाचौकांत फलक लागले. ठीक आहे. लग्नघरी वाजंत्री वाजावयाचीच. पण वऱ्हाडी मंडळी जेवून उठली म्हणजे मागे उरलेले खरकटे काढावयास कोण बसते, हे आमच्या आयाबहिणींस चांगले ठाऊक आहे. म्हणून गुलाल अंगावरून पुरता झटकला जाण्यापूर्वीच आम्ही एक प्रश्न विचारून ठेवतो. या महासभेच्या विषयपत्रिकेवर आमच्या घरची रिकामी घागर कितव्या क्रमांकावर येणार?

कोणी म्हणेल, ‘अहो मास्तर, तुम्ही खेड्यात शाळा करणारे. शहराच्या सभेत तुमचे काय अडकले आहे?’ आमचा नांगर अडकला आहे, महाराज! सोलापूरचा नळ आणि भीमाकाठचा शेतकरी यांची गाठ सरकारने उजनीला मारून ठेवली आहे. 1980 साली ते धरण पुरे झाले. एकशे सतरा टीएमसी पाणी त्यात मावते. त्यातले त्रेसष्टच्या आसपास मृतसाठा, म्हणजे दाराखाली राहणारे. त्या पाण्यासाठी करमाळा, इंदापूर, दौंड, कर्जत या भागांतील गावेच्या गावे उठली. ज्यांची घरे बुडाली ते आमचेच, ज्यांना कालवा मिळाला तेही आमचेच, आणि कालव्याच्या शेपटाला बसून वाट पाहणारेही आमचेच.

आता शहराला पाणी कसे मिळते ते पाहा. एक वाट नळाची. उजनीपासून शहरापर्यंत शंभरावर किलोमीटर लांबीची जलवाहिनी आहे. दुसरी वाट हिप्परग्याच्या तलावाची. 1871 साली पुरा झालेला हा एकरुखचा तलाव आमच्या पणज्यांच्या घामाचा आहे. तिसरी वाट मोठी नवलाची. धरणाची दारे उघडून पाणी भीमेच्या पात्रात सोडावयाचे, ते वळणावळणाने माढा, पंढरपूर, मोहोळ, मंगळवेढे असे फिरत औज बंधाऱ्याशी यावयाचे, आणि मग टाकळीहून उचलून शहरात न्यावयाचे! वाटेत किती वाळूत मुरते, किती उन्हात उडते, याचा हिशेब कोणी कोणाला द्यावा? वाटेवरच्या पंढरपूर, मंगळवेढ्याची तहानही त्यातून भागते हे खरे. ती भागूच नये असे कोण म्हणेल? पण हे पाणी पात्रातून जात असता काठच्या शेतकऱ्याने ते उपसू नये म्हणून त्याच्या मोटारीची वीज तोडली जाते. उभा ऊस, उभा मका डोळ्यांदेखत माना टाकतो, आणि नदी समोरून वाहत असते. मग शेतकरी म्हणतो, ‘शहरवाल्यांनी पाणी पळविले.’ शहरातला विणकर म्हणतो, ‘शेतकऱ्यांनी उपसले, म्हणून आमच्या नळाला थेंब नाही.’ दोन उपाशी एकमेकांच्या ताटात डोकावतात आणि वाढणारा मजेत उभा राहून पाहतो.

ही भांडाभांडी मिटवण्याचा उपाय कोणाला सुचला नव्हता असे नाही. उजनीहून दुसरी, समांतर जलवाहिनी टाकावी म्हणजे नदीत पाणी सोडण्याची गरज पुष्कळ कमी होईल, ही गोष्ट शेंबड्या पोरालाही कळते. पण या एका वाहिनीची चर्चा, निविदा, फेरनिविदा, ठेकेदार बदल, क्षमता किती असावी याचा वाद, यांतच वर्षांमागून वर्षे गेली. तेवढ्या काळात आमच्या शाळेत पहिलीत बसलेली मुले मिसरूड फुटून कामाला लागली. आणि शहर? शहराने वर्षानुवर्षे तीन दिवसांआड, चार दिवसांआड, पाच दिवसांआड पाणी भरले.

हे ‘आड’ काय असते ते पूर्वभागातल्या एखाद्या विडी वळणाऱ्या बाईच्या उंबऱ्यावर बसून पाहावे. तिला मजुरी मिळते हजार विड्यांच्या हिशेबाने. नळ कधी यावयाचा याचा नेम नाही; कधी पहाटे, कधी मध्यरात्री. ती मांडीवरचे सूप बाजूला ठेवून घागरी लावून बसली की तितक्या विड्या कमी झाल्या आणि आठवड्याच्या हिशेबातून तितके पैसे गेले. ती पाणीपट्टी भरते ती वेगळी. म्हणजे एकाच पाण्याचे मोल तिने दोनदा दिले; एकदा पावतीवर, एकदा पावतीवाचून. यंत्रमागावर बसणाऱ्या तिच्या नवऱ्याचेही तेच. ही दुसरी पट्टी महापालिकेच्या कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही. जे अंदाजपत्रकात दिसत नाही ते सभेत बोलले जात नाही, आणि जे सभेत बोलले जात नाही ते घडतच नाही, असे कागदोपत्री ठरून जाते. 2025 च्या जूनमध्ये सोलापुराहून गोव्याला विमान सुरू झाले. होऊ दे, आम्हाला त्याचा हेवा नाही. पण विमानाला जशी सुटण्याची वेळ असते, तशी नळालाही असावी एवढीच त्या माउलीची मागणी आहे.

सभेत काय बोलले जाते याचा एक नमुना आम्ही स्वतः पाहिला आहे. आपल्याच महाराष्ट्रातील एका नगरपालिकेच्या साधारण सभेस आम्ही काही वर्षांपूर्वी मुद्दाम गेलो होतो. गावाचे नाव घेत नाही. नाव घेऊन कोणाला चिमटा काढण्याचा हेतू नाही, आणि दुसरे गाव निराळे असेल अशी आमची भाबडी समजूतही नाही. पत्रिकेवर विषय तीसएक. आरंभी दुखवटा, मग अभिनंदन, मग दुसरे अभिनंदन. त्यानंतर एका चौकाला कोणाचे नाव द्यावे यावर जी जुंपली ती तासभर! एकाने कागद फाडले, दुसऱ्याने बाक वाजविला, तिसरा समोरच्या मोकळ्या जागेत जाऊन बसला. आणि जेवणाची वेळ झाली तशी उरलेले पंचवीस विषय ‘मंजूर, मंजूर, मंजूर’ असे वाचून दाखविण्याच्या आतच संमत! त्या पंचविसांत एक विषय गटाराचा होता, एक शाळेच्या गळक्या छपराचा. आम्ही मास्तर; आमचे लक्ष छपराकडे. ते छप्पर किती रुपयांत, कोणाकडून, केव्हापर्यंत नीट होणार, हे ना कोणी विचारले ना कोणी सांगितले. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा!

नावावरून आठवले. जोतीराव फुले 1876 ते 1882 या काळात पुणे नगरपालिकेचे सभासद होते. व्हाइसरॉयच्या स्वागतासाठी हजार रुपये खर्चावयाचे ठरले, तेव्हा ते पैसे गरिबांच्या शिक्षणाला लावा म्हणून सभेत विरोधात उभा राहणारा हा एकटा माळी. मंडईच्या डौलदार इमारतीवर लाखो रुपये ओतण्यासही त्यांचा विरोधच होता. पुढे त्याच मंडईला त्यांचे नाव दिले गेले. गंमत पाहा, नाव घेतले, म्हणणे सोडले! आज कोणतीही महासभा घ्या. जोतीरावांच्या तसबिरीला हार घालूनच ती बसते. पण स्वागतकमानीच्या खर्चाला एकट्याने ‘नाही’ म्हणणारा एखादा सभासद त्या तसबिरीखाली आज सापडेल काय? सोलापूर महापालिकेच्या शाळा मराठी, उर्दू, कन्नड, तेलुगू अशा चार भाषांत चालत आल्या आहेत. या शाळांत कोणाची मुले बसतात? विणकराची, हमालाची, विडी वळणारीची. सभासदांची नातवंडे तेथे असती, तर तो विषय पत्रिकेवर इतका खाली राहिला नसता.

आता कोणी म्हणेल, अशा भांडकुदळ सभेपेक्षा चार वर्षे प्रशासकाने कारभार केला तो काय वाईट? हे बोलणे आम्ही शहरातच नव्हे, खेड्यांतही ऐकले, आणि ऐकून पोटात गोळा आला. अहो, 1852 साली सोलापुरात नगरपालिका स्थापन झाली तेव्हा कलेक्टरसाहेबच सारे पाहत होते! तेथून निवडणुकीपर्यंत, घरवाल्या-पट्टीवाल्यांच्या मतापासून सरसकट सर्वांच्या मतापर्यंत येण्यास आपल्या बापजाद्यांना शंभर वर्षे लागली. याच नगरपालिकेवर 1930 च्या एप्रिलात तिरंगा चढला आणि पुढच्याच महिन्यात शहरावर लष्करी कायदा बसला. इतके सोसून मिळविलेली खुर्ची रिकामी पडली आणि कोणाला चुकल्यासारखेही वाटले नाही! राज्यघटना सांगते की नगरपालिकेची मुदत पाच वर्षे, त्याहून अधिक नाही, आणि नवी निवडणूक ती संपण्यापूर्वी झाली पाहिजे. मागासवर्गाच्या आरक्षणाचा वाद व प्रभागांची मोडतोड यांत निवडणूक अडली. शेवटी 2025 च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने बजावले, तेव्हा कोठे चाके हलली. आरक्षण आमच्या कारागीर जातींचे. पण त्याच्या नावाने सभागृह बंद ठेवा, असे आमच्यापैकी कोणी सांगितले होते काय?

त्या चार वर्षांत काय काय झाले! 15 जून 2023 रोजी कुमठ्याच्या सिद्धेश्वर कारखान्याची चिमणी पाडली गेली. विमानासाठी ती पाडणे योग्य की अयोग्य, यावर शेतकरी सभासदांत व शहरात दोन तट होते. त्या वादात आम्ही येथे शिरत नाही. पण पाडण्याचा हुकूम महापालिकेचा, आणि त्या महापालिकेत त्या दिवशी लोकांनी निवडलेला एकही माणूस नव्हता, एवढे तरी दोन्ही तटांनी ध्यानात घ्यावे. त्याही आधीची गोष्ट. 2016 साली सोलापूर ‘स्मार्ट सिटी’च्या पहिल्या यादीत आले. कामांसाठी निराळी कंपनी झाली, निर्णय संचालकांच्या मेजावर होऊ लागले, आणि सभासदांना रस्ता खणला गेल्यावर कळू लागले की रस्ता खणला आहे. म्हणजे सभा भरत होती तेव्हाही तिच्या पदराखालून बरेच काही निघून गेले होते.

सर्वांत अधिक गेले ते हद्दवाढीच्या गावांचे. 1992 साली बाळे, केगाव, देगाव, शेळगी, दहिटणे, सोरेगाव, मजरेवाडी, कुमठे ही गावे शहरात आली. तोवर तेथला शेतकरी ग्रामसभेत उठून सरपंचाला ‘हे कसे झाले?’ असे तोंडावर विचारू शकत होता. शहरात आल्यावर तो ‘नागरिक’ झाला, पट्टी वाढली आणि तोंड मिटले. गटार मागे राहिले, रस्ता मागे राहिला, पण घरपट्टीचे बिल वेळेवर पोहोचले! योगायोग असा की, त्याच 1992 साली शहरांना स्वराज्य देणारी चौऱ्याहत्तरावी घटनादुरुस्ती दिल्लीत मंजूर झाली. ग्रामसभेच्या जागी शहरात क्षेत्रसभा घ्याव्या असे 2009 साली महाराष्ट्राच्या कायद्यात लिहिले गेले. ती क्षेत्रसभा कोणी डोळ्यांनी पाहिली असेल तर आम्हाला येऊन सांगावे. आम्ही त्याला शाळेत बोलावून मुलांपुढे उभे करू.

भरीला प्रभाग चौघांचा. एका मतदाराने चार मते द्यावयाची आणि नळ आला नाही तर चार दारे पुजावयाची. पहिला दुसऱ्याकडे बोट दाखवितो, दुसरा तिसऱ्याकडे. बारभाईचा कारभार म्हणतात तो हाच. एकशे दोन सभासद आहेत. पण माझ्या गल्लीचा कोण, असे विचारले तर एकही हात वर होत नाही.

तरीही या सभेवर आम्ही फुली मारीत नाही. कायद्याने महिन्यात एक तरी साधारण सभा, तीही वीस तारखेच्या आत, घ्यावीच लागते. सभा लोकांसाठी उघडी असते. बहुमताने दार लावून घेण्याचे ठरले तरच ती बंद. सभासदाला लेखी प्रश्न विचारण्याचा हक्क आहे, आणि तो प्रश्न त्याच्या तोंडी घालण्याचा हक्क त्याला मत देणाऱ्याचा आहे. तेव्हा हद्दवाढीतल्या व पूर्वभागातल्या मंडळींनी आपल्या चारही सभासदांकडे एकाच दिवशी, एकच कागद घेऊन जावे, आणि चौघांच्याही सह्या त्यावर घ्याव्या. कागदावर कविता नको. मागील महिन्यात आमच्या नळाला कोणकोणत्या तारखांस व किती वाजता पाणी आले; उजनीहून रोज किती येते आणि वाटेत किती गळते; यंदा नदीत पाणी सोडावे लागले तर का; आणि आमच्या शाळेत शिक्षक किती असावयास हवेत व आहेत किती. एवढेच लिहावे. भीमाकाठच्या भावांनीही या कागदाकडे परका म्हणून पाहू नये. त्यांच्या मोटारीची वीज याच सभेच्या आळसाने तुटते.

आम्ही आमच्या परीने आरंभ केला आहे. आमच्या गावची शहरात नांदणारी लेक, दोन यंत्रमाग कामगार, एक भाजी विकणारी मावशी व हे मास्तर, अशी पाच माणसे पुढच्या सभेस इंद्रभुवनाच्या आवारात जाणार आहोत. मावशी लिहूवाचू जाणत नाही, पण कोण सभासद किती वाजता उठून गेला हे ती आमच्याहून चोख ध्यानात ठेवते. ज्यांना यावयाचे असेल त्यांनी भाकरी व वही बरोबर आणावी.