पलटणचा हंगाम आणि मराठीच्या प्राध्यापकांचे मौन

२ ते ४ फेब्रुवारी २०२४ या तीन दिवसांत अमळनेर येथे ९७वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. २७ फेब्रुवारीला शिरस्त्याप्रमाणे मराठी भाषा गौरव दिन साजरा झाला. त्यानंतर तिसऱ्या दिवशी, १ मार्चला, हैदराबादच्या गच्चीबावली येथील बंदिस्त क्रीडागारात पुणेरी पलटणने हरियाणा स्टीलर्सचा २८-२५ असा पराभव करून प्रो कबड्डी लीगचे विजेतेपद प्रथमच मिळवले. पहिल्या दोन घटनांवर आपण सर्वांनी पुष्कळ लिहिले, भाषणे केली, भाषणांवर टीका केली. तिसरीवर एकाही मराठी वाङ्मयीन नियतकालिकात मी तरी एक ओळ वाचलेली नाही. हे मौन सहज घडलेले नसून ते आपल्या वाङ्मयीन संस्कारांतून आले आहे, आणि ते संस्कार तपासण्याची वेळ आली आहे, असे माझे म्हणणे आहे.

आधी स्वतःचा गुन्हा कबूल करतो. मी मंद्रूपला मराठी शिकवतो. सोलापूर-विजापूर रस्त्यावरचे हे गाव. येथून दक्षिणेला थोडे गेले की भीमा आणि पलीकडे कर्नाटक. वर्गातल्या निम्म्या मुलांच्या घरात कानडी बोलली जाते. त्यांचे मराठी पाठ्यपुस्तकातून येते, आणि मैदानातून. त्या वर्षी एका विद्यार्थ्याने प्रकल्पासाठी पलटणचा हंगाम निवडला. साठ पानांची वही त्याने लिहून आणली. ‘हा विषय साहित्याचा नाही, एखादी ग्रामीण कादंबरी घे’ असे सांगून मी ती परत केली. एरवी निबंधात चार ओळी लिहिताना अडखळणाऱ्या त्या मुलाने वहीत एके ठिकाणी लिहिले होते की, परतताना चढाईपटूला मध्यरेषा दिसत असते, पण तिच्याकडे बघायचे नसते. बघितले की पाय धरला जातो. इतके नेमके वाक्य त्याने माझ्या कोणत्याही उत्तरपत्रिकेत लिहिले नव्हते. वही परत करताना मी ते वाचलेही नव्हते. नंतर वाचले.

आता हंगामाविषयी, कारण आमच्या क्षेत्रात तो अनेकांना माहीत नसावा. डिसेंबर २०२३ पासून मार्चपर्यंत बारा संघ बारा शहरांतून खेळत फिरले. साखळीत पुणेरी पलटणने २२ सामन्यांपैकी १७ जिंकले, तीन बरोबरीत सोडवले, केवळ दोन गमावले आणि ९६ गुणांसह अग्रस्थान मिळवले. आदल्या हंगामाचा अंतिम सामना हाच संघ मुंबईत जयपूरकडून २९-३३ असा हरला होता. कर्णधार अस्लम इनामदार अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर, जिल्ह्यातला. तो आणि आकाश शिंदे ऑक्टोबर २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय संघातही होते. अंतिम सामन्यात मध्यंतराच्या तोंडावर पंकज मोहितेने एकाच चढाईत चार गुण आणले. त्याच संघात लिलावात २ कोटी ३५ लाखांना घेतलेला इराणचा मोहम्मदरेझा शादलुई होता. पराभवाचा सल, परत उभे राहणे, गावाकडचा कर्णधार, परदेशी भाडोत्री वीर: कादंबरीकाराला आणखी काय हवे असते?

येथे अमेरिकेची आठवण होणे अपरिहार्य आहे. १९५१च्या बेसबॉल हंगामात न्यूयॉर्क जायंट्स हा संघ ऑगस्टच्या मध्याला ब्रुकलिन डॉजर्सच्या साडेतेरा सामने मागे होता. त्याने बरोबरी गाठली आणि ३ ऑक्टोबरला निर्णायक सामन्याच्या शेवटच्या डावात बॉबी थॉमसनच्या एका फटक्याने बाजी उलटवली. डॉन डिलिलोने ‘अंडरवर्ल्ड’ (१९९७) या कादंबरीचा प्रदीर्घ आरंभ त्या एका दुपारवर उभा केला, आणि त्याच दिवशी आलेली सोव्हिएत अणुचाचणीची बातमी तिच्याशेजारी ठेवली. बर्नार्ड मॅलामडची पहिली कादंबरी, ‘द नॅचरल’ (१९५२), बेसबॉलचीच. टेड विल्यम्सच्या अखेरच्या सामन्यावर जॉन अपडाइकने १९६० साली लिहिलेला निबंध आजही गद्याचा नमुना म्हणून वाचला जातो. या लेखकांना कुणी ‘खेळावर लिहिणारे’ म्हणून बाहेर बसवले नाही. (३ ऑक्टोबर हीच तारीख २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाल्याची. योगायोगच, पण आम्हांला त्या तारखेचा दुसराच अर्थ माहीत असतो.)

यावर एक आक्षेप ठरलेला आहे: प्रो कबड्डी हा बाजाराचा खेळ, दूरचित्रवाणीसाठी घडवलेला, साहित्याने त्याची जाहिरात का करावी? हा आक्षेप घेणाऱ्यांनी बेसबॉल निष्पाप होता असे समजू नये. १९१९च्या अंतिम मालिकेत पैसे घेऊन हरल्याच्या आरोपावरून शिकागोच्या आठ खेळाडूंवर पुढे कायमची बंदी आली. १९४७ साली जॅकी रॉबिन्सन मैदानात उतरेपर्यंत विसाव्या शतकात त्या मोठ्या लीगांत कृष्णवर्णीयांना प्रवेश नव्हता. थॉमसनच्या फटक्याच्या त्या हंगामात जायंट्स दुर्बिणीतून प्रतिस्पर्ध्यांच्या खुणा चोरत होते, हे २००१ साली उघड झाले. अमेरिकन साहित्य त्या खेळाकडे वळले ते या पैशासकट आणि फसवणुकीसकट. आमच्याकडे माणसांचा ‘लिलाव’ होतो आणि तो शब्द ऐकून एकाही समीक्षकाचे कान टवकारत नाहीत! मंद्रूपच्या आसपास लिलाव कांद्याचा होतो. चावडीवर जप्तीचा होतो. हा शब्द माणसाला लागला आणि त्यात मान आला, आईबापांनी पेढे वाटले; हे कसे घडले हा प्रश्न बाजाराच्या विरोधकांनीच विचारायला हवा होता. नाक मुरडणे ही समीक्षा नव्हे.

आणि भाषेचे काय? कबड्डी हा असा खेळ आहे की ज्यात शब्द उच्चारणे हाच नियम आहे. चढाई करणाऱ्याने ‘कबड्डी’ हा शब्द स्पष्ट, अखंड म्हणत राहायचे. प्रतिस्पर्ध्याच्या अंगणात दम सुटला की तो बाद. श्वास, शब्द आणि देह यांचे इतके सक्तीचे नाते मला दुसऱ्या खेळात दिसत नाही. काव्यशास्त्राच्या तासाला लय आणि श्वास यांवर आम्ही पाऊण तास बोलतो, पण हे उदाहरण आम्हांला सुचत नाही. दूरचित्रवाणीवर तर संगीत आणि समालोचन यांच्या गोंगाटात तो उच्चार ऐकूच येत नाही. उरतात ती चढाईची ३० सेकंदे. समोरचा सगळा संघ बाद केला की ‘लोण’ चढते. हा आपला शब्द इंग्रजी नियमपुस्तिकेनेही ‘लोना’ म्हणून ठेवला; लीगने त्याचे ‘ऑल आउट’ केले. माझे विद्यार्थी आता ‘ऑल आउट’ म्हणतात. चढाईची ‘रेड’ झाली, पकडीचे ‘टॅकल’. मराठी वृत्तपत्रांच्या क्रीडा-पानांनी जुने शब्द बरेच टिकवले, ते त्या वार्ताहरांचे ऋण. दुकानांच्या पाट्यांसाठी गळा काढणाऱ्या आम्हां मराठीच्या शिक्षकांनी या शब्दांसाठी काय केले?

परंपरा नव्हती असेही नाही. बडोद्याहून द. चिं. मजुमदारांनी व्यायाम ज्ञानकोशाचे दहा खंड काढले. बाळ ज. पंडितांनी क्रिकेटचे समालोचन मराठीत करून दाखवले. वि. वि. करमरकरांनी ‘महाराष्ट्र टाइम्स’मधून खेळाच्या पानाला प्रतिष्ठा दिली. माझ्या अध्यापनाच्या सगळ्या वर्षांत मी शिकवलेल्या एकाही अभ्यासक्रमात यांतले एक पान नव्हते. गद्यशैलीचा विचार करताना आम्ही ललित निबंधापाशी थांबतो, आणि ललित निबंध पावसापाशी.

सर्वांत नवल वाटते ते देशीयतेवर तास घेणाऱ्यांचे, ज्यांत मीही आहे. भूमी, बोली, लोकपरंपरा हे शब्द आम्ही फळ्यावर लिहितो. खिडकीबाहेर पोरे तांबड्या-काळ्या मातीत रेघा ओढून हुतुतू खेळत असतात आणि आम्ही शिपायाला सांगून त्यांना गप्प बसवतो, कारण आत देशीवाद चाललेला असतो. फडके-युगातल्या टेनिस खेळणाऱ्या नायकांची आपण पिढ्यान्‌पिढ्या थट्टा केली. बरे केले. पण त्या रॅकेटच्या जागी आपण काय ठेवले? आमचा नायक खेळतच नाही. तो विचार करतो.

यंदा प्रकल्पाच्या विषयांची यादी लावताना मी तिच्यात ‘पुणेरी पलटणचा २०२३-२४चा हंगाम: वर्णन आणि भाषा’ असा विषय घातला आहे. एका सहकाऱ्यांनी त्यापुढे पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढले. ते मी खोडलेले नाही. त्यांचा आक्षेप काय आहे तो त्यांनी इथेच, लेखी आणि सविस्तर मांडावा.