हुद्द्याची किंमत : १८७१ साली बंद झालेला बाजार वैमानिकांसाठी पुन्हा कोणी उघडला?

आजच्या थ्रेडचा विषय विमानाचा असला, तरी आरंभ घोडदळापासून करणे भाग आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ब्रिटिश लष्करात अधिकारी होण्यासाठी राजरोस दरपत्रक होते. पायदळातील सर्वांत खालचा हुद्दा ४५० पौंडांना, कॅप्टनपद १,८०० पौंडांना, तर लेफ्टनंट कर्नलपद ४,५०० पौंडांना मिळे. घोडदळात भाव चढा असे. शिवाय अधिकृत दराच्या वर रोख मोजणे बेकायदा असूनही सर्रास चाले.

या बाजाराचे समर्थक मूर्ख नव्हते. पदरचे पैसे गुंतवलेला अधिकारी बेशिस्त वागणार नाही, कारण बडतर्फ झाल्यास रक्कम बुडते, असा त्यांचा युक्तिवाद होता. क्रॉमवेलच्या सैन्याची आठवण ताजी ठेवून ते असेही म्हणत, की ज्याची मालमत्ता राज्यात आहे तो राज्याविरुद्ध उठणार नाही.

त्यांच्या बाजूने एक भक्कम उदाहरणही होते. आर्थर वेलस्लीने १७९३ साली, वयाच्या अवघ्या चोविसाव्या वर्षी, थोरल्या भावाकडून उसने पैसे घेऊन ३३ व्या पलटणीचे लेफ्टनंट कर्नलपद विकत घेतले. दहा वर्षांनी, २३ सप्टेंबर १८०३ रोजी, जालन्याजवळच्या असईत मराठ्यांच्या तोफांना तोंड देऊन जिंकला तो हाच. पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाल्यावरही तो या पद्धतीचा पाठीराखा राहिला.

पण ज्याला उसने देणारा थोरला भाऊ नव्हता, अशा किती वेलस्लींची नावे इतिहासाला ठाऊकच झाली नाहीत? बाजार निवडलेल्यांची यादी देतो. वगळलेल्यांची यादी कोणी ठेवत नाही.

दुसऱ्या टोकाला लॉर्ड कार्डिगन. त्याने पैशाच्या बळावर एकामागून एक दोन घोडदळ पलटणींचे नेतृत्व मिळवले आणि २५ ऑक्टोबर १८५४ रोजी बालाक्लाव्हा येथे सुमारे ६७० स्वार घेऊन तो रशियन तोफांवर चालून गेला. (त्या हल्ल्याचा दोष एकट्या त्याचा नव्हे; वरून आलेला हुकूमच गोंधळाचा होता. न्याय करायचा तर हे सांगितलेच पाहिजे.)

आता या कथेतील सर्वांत बोलकी बाब. तोफखाना आणि इंजिनिअर या दोन शाखांत हुद्दे कधीही विकले गेले नाहीत. तेथे वुलिच येथील अकादमीत शिकून यावे लागे. तोफ चालवताना गणित चुकले तर आपलीच माणसे मरतात, हे सरकारला कळत होते. जेथे कौशल्य जिवाशी निगडित आहे तेथे शिक्षण संस्थेने द्यायचे आणि माणूस गुणांवर निवडायचा, हे तत्त्व त्या बाजाराच्या भरातही मान्य होते. पुढे युद्धमंत्री कार्डवेल यांनी लॉर्ड्स सभागृहाचा विरोध ओलांडून, थेट शाही फर्मान काढून, १८७१ साली उरलेला बाजारही बंद पाडला.

आपल्याकडचा अनुभव निराळा नाही. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात मामलती मक्त्याने, अधिक बोली लावणाऱ्यास दिल्या जाऊ लागल्या. मक्तेदाराने पैसे भरले ते रयतेकडून वसूल केले. पद विकत घेणारा मनुष्य वाईटच असतो असे नाही, पण त्याला आपली रक्कम कोठून तरी काढावीच लागते.

आता वर्तमानाकडे वळू. भारतात २०० तासांचे उड्डाण आणि परीक्षा पूर्ण केल्यावर सीपीएल, म्हणजे व्यावसायिक वैमानिकाचा परवाना मिळतो. तोवर मध्यमवर्गीय घराची जमीन किंवा फ्लॅट बहुधा गहाण पडलेला असतो. पण एवढ्याने एअरबस ३२० किंवा बोइंग ७३७ चालवता येत नाही. त्या त्या विमानासाठी स्वतंत्र टाइप रेटिंग लागते : वर्गातील शिक्षण, सिम्युलेटरवरील सत्रे, शेवटी परीक्षा. हा खर्च पुन्हा लाखांत, आणि तो नवोदिताने स्वतः करावा अशी प्रथा रुळली आहे.

डॉक्टर, वकील स्वखर्चाने शिकतात. मग वैमानिकाचे एवढे कौतुक कशाला, असा प्रश्न विचारला जातो. उपमाच चुकते आहे. वैद्यकीय पदवीशी तुलना व्हायची ती सीपीएलची, आणि तो खर्च नवोदिताने केलेलाच आहे. टाइप रेटिंग हे मालकाने निवडलेल्या यंत्राचे शिक्षण आहे. कंपनीने एअरबस घ्यायची की बोइंग, हे ठरवताना त्या मुलाला कोणी विचारले नव्हते. रेल्वे आपल्या सहायक लोको पायलटला इंजिन शिकवते, तेव्हा प्रशिक्षणाचे बिल त्याच्या वडिलांना पाठवत नाही.

शिवाय हा सौदा कार्डिगनच्या सौद्याहून वाईट आहे. ब्रिटिश अधिकारी निवृत्त होताना आपला हुद्दा विकून पैसे परत मिळवू शके. टाइप रेटिंग विकता येत नाही. विमान उडवायला मिळाले नाही तर ते शिळे होते, आणि ताजे करायला पुन्हा सिम्युलेटर, पुन्हा शुल्क. किंगफिशर २०१२ मध्ये, जेट एअरवेज एप्रिल २०१९ मध्ये, गो फर्स्ट मे २०२३ मध्ये जमिनीवर आली. अशा वेळी रेटिंगसाठी काढलेल्या कर्जाचे हप्ते मात्र थांबत नाहीत. विमान कंपनीने निवडलेल्या विमानाची आणि तिच्या व्यवसायाची जोखीम पंचविशीतल्या मुलामुलींच्या खांद्यावर टाकलेली आहे.

कंपन्यांचा एक युक्तिवाद मात्र गंभीर आहे : आम्ही शिकवायचे आणि प्रतिस्पर्ध्याने पळवायचे? भीती खरी आहे. तिच्यावर उपाय म्हणजे करार : कंपनी खर्च करील, वैमानिक ठरावीक वर्षे राहील, आधी गेल्यास उरलेल्या मुदतीच्या प्रमाणात रक्कम परत करील, आणि कंपनीच बुडाली तर काही देणे लागणार नाही.

प्रत्यक्षात घडते ते उलटे. २०१७ साली डीजीसीएने वैमानिकांची नोटीस मुदत कमांडरसाठी एक वर्ष आणि को-पायलटसाठी सहा महिने ठरवली. समर्थनार्थ सांगितले जाते की वैमानिक तयार व्हायला वेळ आणि पैसा लागतो. लागतोच, पण ज्याचा पैसा लागला त्यालाच बांधून ठेवायचे, हा कोणता न्याय?

आणि निवडीचे काय? शंभर गुणवंतांपैकी ज्यांच्याकडे शेवटचे काही लाख उरले तेच कॉकपिटपर्यंत पोहोचत असतील, तर प्रवाशाला उत्तम वैमानिक मिळत नाही. ऐपत असलेल्यांतला उत्तम मिळतो. कर्जात बुडालेला को-पायलट थकव्याची तक्रार करताना किंवा कमांडरची चूक बोलून दाखवताना दोनदा विचार करील, ही शंकाही अवास्तव म्हणता येणार नाही. वुलिचच्या तोफखान्याला जे कळले होते ते ३२० ला लागू होऊ नये, असे कोणते कारण आहे?

कायदा करायला १८७१ एवढा संघर्षही नको. लांब नोटीस मुदत फक्त त्याच कंपनीला मिळावी, जिने त्या वैमानिकाच्या टाइप रेटिंगचा खर्च स्वतः केला आहे. एवढी एक अट घातली, तर कोणत्या कंपनीला खरोखर वैमानिक घडवायचे आहेत, ते पहिल्याच वर्षी दिसेल.