अ‍ॅक्रिलिकचा हट्ट कशाला?



घरच्या मोठ्या मत्स्यटाकीला अ‍ॅक्रिलिकच हवे, मुंबईच्या तारापोरवाला मत्स्यालयातला बोगदा पाहा, असे एका वाचकाने लिहिले आहे. २०१५ साली तिथे झालेल्या त्या बोगद्याला कमान होती, म्हणून अ‍ॅक्रिलिक. बोईसरच्या एखाद्या फ्लॅटमधल्या चौकोनी टाकीला वळण कुठले? अ‍ॅक्रिलिक हलके, हा त्यांचा वजनाचा मुद्दाही फसवा. सहा बाय दोन बाय दोन फुटांच्या टाकीत पाणीच सुमारे ६८० किलो. बारा मिलिमीटर काचेऐवजी अ‍ॅक्रिलिक घेऊन वाचणार जेमतेम साठेक किलो! शिवाय शेवाळ पुसताना फडक्यात वाळूचा कण आला, की अ‍ॅक्रिलिकवर ओरखडा पडलाच. डहाणू-तलासरीकडे २०१८पासून जाणवणाऱ्या भूकंपाच्या धक्क्यांचा त्यांचा मुद्दा मात्र मान्य. अ‍ॅक्रिलिक सहज तडकत नाही. पण अ‍ॅक्रिलिक घेण्याआधी टाकीचा स्टँड भिंतीला पक्का बांधा.

– एक मत्स्यपालक, पालघर